खाली बसवलेली व्हॅन

३ मार्च, सोमवार

माझा राग टिकत नाही, ही माझी जुनी खोड. चार दिवस धुमसते, पाचव्या दिवशी कोणीतरी चहाचा कप पुढे करतं आणि मी विरघळते. या वेळी तसं होऊ द्यायचं नाही, म्हणून ही वही. रोजचं लिहून ठेवायचं आणि राग उतरायला लागला की पहिल्या पानापासून वाचायचं.

झालं असं. सकाळी दार उघडलं तर आमची व्हॅन खाली बसलेली. आधी वाटलं, चारही चाकांची हवा गेली. वाकून पाहिलं तर चाकं टणाटण, गाडीच खाली. टिल्लू शेजारी फडक्याला हात पुसत उभा. म्हणाला, "ताई, स्प्रिंगा बदलल्या. मस्त दिसते ना?"

टिल्लू म्हणजे माझा धाकटा भाऊ. वय एकतीस, उंची सहा फूट; लहानपणी पडलेलं नाव काही केल्या मोठं होईना. व्हॅन दुकानाची आहे, पण चालवतो तो, म्हणून स्वतःची समजतो. त्याने तिला आधी कान फाटतील असा हॉर्न बसवला, मग निळे दिवे लावले. तेव्हा मी काही बोलले नाही. आता काल रविवारी, मला न विचारता, आखूड स्प्रिंगा घालून गाडी पार जमिनीला टेकवून ठेवली. तीही नेमकी या आठवड्यात.

या आठवड्यात म्हणजे काय तेही लिहिते. आमचं दुकान काटे दुरुस्तीचं. भाजीवाल्याचा काटाही येतो, पण दुकान चालतं ते औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेवर. तिथले काचपेटीतले काटे, मिठाचा कण पडला तरी आकडा हलतो असले, वर्षातून एकदा तपासणीला आमच्याकडे येतात. बावीस आहेत. हे काम अप्पांनी मिळवलं आणि सव्वीस वर्षं सांभाळलं. यंदा कारखान्यात नव्या तपासणी अधिकारी बाई आल्यात. त्यांना हे काम एका मोठ्या कंपनीला द्यायचंय आणि त्या निमित्तच शोधताहेत. काम गेलं की दुकान बंद, यात मला शंका नाही.

अप्पा मात्र खूश. गेल्या आठवड्यात दोनदा पोट बिघडलं म्हणून घरी राहिले होते, आज दाढी करून आठ वाजता तयार. माझ्या आधी गाडीत जाऊन बसलेले. रस्ताभर गाडी आपटत होती, माझे दात दातांवर वाजत होते, आणि म्हातारा वरची मूठ धरून हसत होता. मुलाने काहीही केलं तरी यांना त्याचं कौतुक.

५ मार्च, बुधवार

पहिली खेप पोचवली, सहा काटे. मी मागे बसले, दोन काटे मांडीवर आणि चार पायांशी, गाद्यांमध्ये गुंडाळून. पूर्वी गाडी खड्ड्यात जायची आणि बाहेर यायची. आता खड्डाच गाडीत येतो. पुलाच्या प्रत्येक सांध्याला कमरेत सणक, प्रत्येक स्पीडब्रेकरला खालून पोट घासल्याचा आवाज. टिल्लूने गाडी इतकी हळू घेतली की एक सायकलवाला मागे बघत पुढे गेला.

मी विचारलं, "का केलंस हे?"

"बरी दिसते म्हणून."

"कोणाला?"

तो रस्त्याकडे बघत राहिला. शेजारी अप्पा चष्मा पुसायला लागले. चष्मा स्वच्छ होता.

६ मार्च, गुरुवार

सहापैकी चार नापास.

बाईंनी चारही प्रमाणपत्रं टेबलावर ओळीने मांडली आणि बोट ठेवून विचारलं, "ही सही तुमचीच ना?" मी हो म्हटलं. "सत्तावीस तारखेपर्यंत बावीसच्या बावीस पास झाले पाहिजेत. नाहीतर पुढच्या वर्षी तसदी घेऊ नका." सगळ्या प्रयोगशाळेसमोर. तिथला शिपाईसुद्धा माझ्याकडे दयेने बघत होता. अप्पांच्या वेळी याच टेबलावर चहा यायचा.

घरी येऊन टिल्लूला सांगितलं. तो म्हणाला, "चुकलं ताई. आणखी गाद्या घालू."

गाद्या! तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "उद्याच्या उद्या गाडी पूर्वीसारखी कर."

"नाही करता येणार."

"का?"

"नाही."

एकतीस वर्षांत हा मला पहिल्यांदा नाही म्हणाला. मी त्याचं नाक पुसलंय, त्याचा अभ्यास घेतलाय, आई गेल्यावर त्याच्या शाळेत पालक म्हणून मी जाऊन बसलेय. त्याने मला नाही म्हणावं, आणि कशासाठी, तर स्प्रिंगांसाठी. याची मी जिरवणार. साधीसुधी नाही, अशी की जन्मभर आठवण राहील.

७ मार्च, शुक्रवार

दिवसभर काटे उघडत होते आणि डोक्यात दुसरंच चालू होतं. किल्ल्या लपवणं, निळे दिवे फोडणं, हे सगळं किरकोळ वाटतंय. सहा फुटांच्या माणसाला शिक्षाही सहा फुटांची हवी.

दुपारी अप्पा म्हणाले, "ताई, राहू दे की गाडी तशी. हळू चालवू." घरात सगळे मला ताईच म्हणतात, अप्पासुद्धा.

मी म्हटलं, "अप्पा, तुम्ही यात पडू नका."

त्यांनी विषय सोडला. तसे ते माझं ऐकतात. डिसेंबरात न्हाणीघरात घसरले तेव्हापासून उजवा पाय धड उचलत नाहीत. जानेवारीत मी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं, ज्या दिवशी स्वतःच्या पायांनी गाडीत चढता येणार नाही, त्या दिवसापासून दुकान बंद, घरी बसायचं. दुकानात पडले बिडले तर मी काटे बघू की त्यांना? कडक वाटेल, पण कोणीतरी कडक असावं लागतं. आजवर त्यांनी नियम बिनतक्रार पाळलाय.

११ मार्च, मंगळवार

झालं. लिहितानासुद्धा हात शिवशिवताहेत.

टिल्लू दोन दिवस बाहेरगावी गेलाय, काट्यांचे सुटे भाग आणायला. सकाळी अप्पांना दुकानात सोडलं आणि व्हॅन घेऊन शहराच्या पार दुसऱ्या टोकाला गेले, जिथे आम्हाला कोणी ओळखत नाही. टिल्लूच्या नेहमीच्या मेस्त्रीकडे मुद्दाम गेले नाही. तो त्याचा दोस्त, लगेच फोन केला असता. जुन्या स्प्रिंगा मागच्या पडवीत गोणपाटात गुंडाळलेल्या सापडल्या होत्या. त्या तिथल्या माणसाने दुपारपर्यंत बसवल्या. व्हॅन परत उंच झाली, मान वर करून उभी राहिली.

मग मी त्याला सांगितलं, "या आखूड स्प्रिंगा कापा."

तो म्हणाला, "बाई, नव्या आहेत. विकल्या जातील."

"कापा."

त्याने कटर लावला. ठिणग्या उडाल्या, आणि मला जे बरं वाटलं ते लिहायची लाज वाटते, तरी लिहिते. चार स्प्रिंगांचे आठ तुकडे. घरी आणून टिल्लूच्या उशीवर ओळीने मांडले, बाईंनी माझी प्रमाणपत्रं मांडली होती तसे.

अप्पांना आणायला दुकानात गेले तर म्हणाले, मी रिक्षाने येतो, तू हो पुढे. मी म्हटलं, गाडी पूर्वीसारखी झालीय, बघा तरी. त्यांनी दारातूनच पाहिली. मग रिक्षाला हात केला.

१२ मार्च, बुधवार

टिल्लू सकाळी आला. मी स्वयंपाकघरातून कान देऊन होते. खोलीत गेला. बाहेर आला तेव्हा तुकडे एका पिशवीत भरलेले.

"बरं," म्हणाला. एवढंच. मग, "अप्पांनी पाहिलं?"

"पाहू देत की. मी काय चोरून केलंय?"

तो पिशवी घेऊन बाहेर गेला. मला भांडण हवं होतं. माझी वाक्यं तयार होती, शाळेपासूनचे दाखले काढून ठेवले होते. हा मूग गिळून बसला. असल्या विजयात काही मजा नाही, हे मी आधी कोणाकडून ऐकलं नव्हतं.

अप्पांचं पोट पुन्हा बिघडलं. दुकानात आले नाहीत.

१४ मार्च, शुक्रवार

आज चार काटे परत पोचवले. गाडी पाळण्यासारखी गेली. एकही धक्का नाही. मी टिल्लूला दोनदा म्हटलं, "बघ, बघ कशी चालते." तो म्हणाला, "हो ताई."

चारपैकी तीन पास. एक नापास. तो मुळातच खराब असणार. बाईंनी भुवई उडवली, पण तारीख अजून लांब आहे.

तिथे काट्याचं झाकण उघडून मी तासभर बघत होते, काही सापडलं नाही. अप्पा असते तर नुसतं आकड्याचं नाचणं बघून सांगितलं असतं. पण अप्पा तीन दिवस घरीच आहेत. मी म्हटलं, इतकं पोट दुखतंय तर डॉक्टरकडे जाऊ, गाडी काढते. तर म्हणाले, गाडीतून नको. मी काय ओळखत नाही? हा रुसवा आहे. लाडक्याच्या स्प्रिंगा तोडल्या ना मी. बसू देत रुसून.

१८ मार्च, मंगळवार

वहीची पहिली पानं वाचली. गरज होती. काल टिल्लूने न सांगता माझ्या टेबलावरचा दिवा दुरुस्त करून ठेवला आणि मी जवळजवळ विरघळले होते.

सकाळी अप्पांच्या खोलीत दोघांची कसलीशी कवायत चालली होती. अप्पा खाटेचा कठडा धरून उभे, टिल्लू खाली बसून त्यांचा पाय धरून वर उचलत होता. मला पाहून दोघेही थांबले. टिल्लू म्हणाला, "चप्पल शोधत होतो." चप्पल अप्पांच्या पायात होती. माझ्याविरुद्ध बापलेकांचं काहीतरी शिजतंय. शिजू दे. मीही आता अप्पांना कामातलं काहीएक विचारणार नाही. सव्वीस वर्षं त्यांनी केलं, तेवीस वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली. त्यांच्यावाचून माझं अडत नाही, हे त्यांनाही कळू दे.

२१ मार्च, शुक्रवार

अडलं.

तोच काटा. आठवडाभर झगडले, नाकी नऊ आले. शेवटी घरी आणून जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि अप्पांकडे न बघता म्हटलं, "जरा बघता का."

अप्पांनी स्वेटरच्या बाह्या वर केल्या. गेले दहा दिवस जो माणूस भिंतीकडे तोंड करून झोपून होता तो पाच मिनिटांत दहा वर्षांनी लहान झाला. झाकण काढलं, भिंग लावलं, आणि आतल्या एका स्क्रूवर पेन्सिलीचं टोक ठेवलं.

"हा कोणी आवळला होता?"

काटा हलवायच्या आधी आतला नाजूक दांडा घट्ट धरून ठेवायला तो स्क्रू आवळायचा असतो आणि जागेवर पोचला की पूर्ण सैल करायचा असतो. अर्धा आटा तसाच राहिला होता. दांडा आत घासत होता.

"मीच," मी म्हटलं.

"हे खड्ड्याने होत नाही, ताई." ते अगदी हळू म्हणाले आणि स्क्रू सैल करून काटा माझ्याकडे सरकवला.

मग पहिले चार नापास झाले ते कशाने? आता कळायला मार्ग नाही, ते मीच पुन्हा उघडून नव्याने बसवलेत. धक्क्यांनीच झाले असणार. त्या गाडीत माणसाची हाडं खिळखिळी होत होती, काट्यांचं काय घेऊन बसलात. याच्यावर मी आणखी विचार करणार नाही.

मी अप्पांना म्हटलं, उद्या चला ना दुकानात, अजून सात काटे राहिलेत. ते म्हणाले, "घरी आण एकेक. इथे बरं आहे." अजून अढी गेलेली नाही.

२६ मार्च, बुधवार

बावीसच्या बावीस पास. बाईंनी सही केली, पुढच्या वर्षाच्या कागदावरसुद्धा. दुकान वाचलं. शिपायाने चहा आणला.

शेवटचे सात काटे अप्पांनी जेवणाच्या टेबलावर तपासले. टिल्लूने एकेक करून आणले आणि नेले, जिवापाड जपून. मी त्याला शाबासकी दिली नाही. हिशेबात अजून एक जण बाकी आहे, त्याचा तो मेस्त्री. दुसऱ्याच्या गाडीला कात्री लावताना मालकाला विचारायचं असतं, एवढं त्याला चार माणसांत शिकवलं की माझं समाधान होईल. मग वही बंद.

२८ मार्च, शुक्रवार

मेस्त्रीच्या गॅरेजमध्ये गेले. तो एका गाडीखाली झोपलेला, नुसते पाय बाहेर. मी पायांशीच सुरुवात केली. "तुम्हाला काही लाजबीज? दुकानाची गाडी, कोणाला न विचारता..."

तो घसरत बाहेर आला आणि हात पुसत म्हणाला, "या ताई. अप्पा कसे आहेत आता? चढता येतंय ना नीट?"

"कुठे चढता?"

"गाडीत."

तोच पुढे बोलत गेला. त्याला वाटलं मला माहीत आहे. भिंतीला टेकवून ठेवलेला झाडूचा एक दांडा त्याने आणला. त्यावर काळ्या शाईची रेघ होती. "हे बघा, तुमच्या भावाने आणलेलं माप. अप्पांचा पाय इथपर्यंत उचलतो, अकरा इंच. व्हॅनची पायरी होती पंधरावर. मी म्हटलं, बाबा, चार इंच फार झाले. इतकी खाली घेतली की गाडी धक्का अडवणाऱ्या रबरी गुटक्यांवर बसणार, प्रत्येक खड्ड्याला आपटणार. तर म्हणाला, आपटू दे, चढता आलं पाहिजे."

"स्टूल ठेवायचं होतं," मी म्हटलं.

"तेही बोललो. अप्पा म्हणाले म्हणे, स्टूल ताईला दिसेल. दिसलं की घरी बसवेल." मग तो जरा हसला. "एक चूक मात्र पठ्ठ्याने केली. घाई होती त्याला, शेवटचे बोल्ट त्याने स्वतःच आवळले, गाडी जॅकवर असतानाच. चाकं लोंबकळत असताना आवळलं की आतलं रबर पीळ खाऊन बसतं, मग गाडी दगड होते. खाली उतरवून, आपल्या वजनावर उभी राहिली की मग आवळायचे असतात. मी त्याला म्हटलं होतं, परत घेऊन ये, अर्ध्या तासाचं काम आहे. गुटकेही थोडे छाटून दिले असते. खूप फरक पडला असता. आला नाही. आता तुम्ही आणलीच आहे, पण ही तर परत उंच दिसते. स्प्रिंगा आहेत ना?"

मी म्हटलं, "नाहीत."

तो दांडा हातात घेऊन मी घरी चालत आले. व्हॅन तिथेच राहिली. ती पुढची सीट, तो वरची मूठ धरून हसणारा म्हातारा, आणि मी मागे बसून त्याच्या कौतुकाचा हेवा करत होते. पोट दुखत नव्हतं त्यांचं. एकदाही दुखलं नव्हतं. आणि टिल्लूने आठ तुकडे बघून "बरं" म्हटलं, कारण दुसरं काही बोलला असता तर अप्पांचं गुपित फुटलं असतं. मला माझीच शिसारी आली. ज्याचं नाक पुसलं, तो माझ्यापेक्षा मोठा कधी झाला, मला कळलंच नाही.

३० मार्च, रविवार

नव्या स्प्रिंगा मागवायच्या आहेत. मेस्त्री म्हणाला, या वेळी नीट माप लिहून द्या, त्याप्रमाणे करून देतो. मात्र अकरा इंचांच्या खाली पायरी येणं शक्य नाही, गाडी रस्त्यावर लोळेल.

सकाळी चहा झाल्यावर मी तो दांडा टेबलावर ठेवला. टिल्लूने दांड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मेस्त्री?" म्हणाला. मी मान हलवली. मला माफी मागायची होती, वाक्य जुळेना. म्हटलं, "चुकलं रे." तो म्हणाला, "चहा गार होतोय."

अप्पांना सांगितलं, "नियमबियम काही नाही. तुम्ही दुकानात यायचं, रोज. गाडी पुन्हा खाली घेतोय." त्यांनी आधी ऐकू न आल्यासारखं केलं. मग उठून दाराची चौकट धरली आणि उभे राहिले. टिल्लू जमिनीवर बसला, दांडा त्यांच्या पायाशी उभा धरला. मी चिठ्ठी आणि पेन घेऊन समोर.

"उचला अप्पा."

पाय उठला. थोडा वर गेला आणि थांबला. बोटं थरथरायला लागली, चप्पल गळून पडली. अप्पांनी दात आवळले, चौकटीवरची नखं पांढरी झाली, पाय आणखी वर जाईना. शाईची रेघ पावलाच्या बरीच वर होती. तेवीस वर्षं बारीक आकडे वाचतेय, एवढं मला लांबूनही दिसतं. आठ इंच. एकोणीस दिवस ते खाटेवर होते. मी बसवलं होतं तिथे.

टिल्लूने वर न बघता सांगितलं, "अकरा."

अप्पांनी पाय खाली टेकवला. धाप लागली होती. त्यांनी दांड्याकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. काट्यावर जो आकडा दिसेल तोच लिहायचा, तुझा बाप मधे आला तरी, हे मला याच माणसाने बोटांवर पेन्सिल मारून मारून शिकवलंय.

"किती आलं गं ताई?" त्यांनी विचारलं.

"अकरा," मी म्हटलं. मेस्त्रीच्या चिठ्ठीवर तेच लिहिलं आणि खाली माझी सही केली.